पुरुमेंताचा बाजार: म्हापशात काय घ्यावं, मडगावात काय पारखावं

गोव्यात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, दोन मोठे बाजार भरतात आणि दोन्ही चर्चच्या फेस्ताला (सणाला) बांधलेले आहेत. पहिला म्हापशाला, सेंट जेरोम चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीच्या (चमत्कारांच्या मेरीमातेच्या) फेस्ताला. दुसरा मडगावला, होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे पेंटेकॉस्टच्या आसपास. सुकी मासळी, गावठी मीठ, मिरची, सोलं, चिंच, माडाचं विनेगर, माडाचा गूळ, कांद्याच्या माळा, मातीची भांडी असा चार महिन्यांचा संसार तिथे मिळतो. दोन्ही बाजारांत चांगला माल अजून येतो. फक्त तो ओळखता आला पाहिजे.

आधी तारखांचं गणित, कारण अर्धी खरेदी तिथेच जमते किंवा फसते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. मिलाग्र सायबिणीचं फेस्त ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी. पेंटेकॉस्ट ईस्टरनंतर एकोणपन्नास दिवसांनी, रविवारी. म्हणजे म्हापशाचा बाजार ६ एप्रिल ते १० मे आणि मडगावचा साधारण १० मे ते १३ जून या टप्प्यात फिरतो. पाऊस मात्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपासच यायचा. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता, त्यामुळे पेंटेकॉस्ट थेट ८ जूनला पडला. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलचा, म्हापशाचं फेस्त २० एप्रिलचं आणि पेंटेकॉस्ट २४ मेचा. पेंटेकॉस्ट जूनमध्ये जात असेल त्या वर्षी सुकी मासळी, मिरची आणि मीठ म्हापशालाच उरकून घ्यावं. मडगावसाठी विनेगर, मातीची भांडी, दवले (करवंटीचे डाव), केरसुण्या एवढंच ठेवावं. ढगाळ हवेत चार दिवस उघड्यावर राहिलेली मासळी घरी आणून पुन्हा वाळवायला ऊन मिळत नाही, आणि तिथून पुढे सगळं बिघडतं.

या बाजाराला फेस्ताचा आधार का, हे समजून घेतलं तर मालही चांगला पारखता येतो. कॅथलिक उपासना पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, राख, मीठ अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंवर उभी आहे. झावळ्यांच्या रविवारी गोव्यात माडाच्या कोवळ्या पात्या विणून खुरीस (क्रूस) करतात. जुन्या बाप्तिस्मा-विधीत बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवत. देवाचा आशीर्वाद पदार्थातून घरी येतो असं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मानलं, त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ किंवा तांदूळ ही केवळ विकतची जिन्नस राहत नाही. स्तोत्रसंहितेतलं १०४ वं स्तोत्र म्हणतं की समुद्रातले लहानमोठे जीव, रानातली जनावरं, माणसं, सगळी यथाकाळी अन्न मिळावं म्हणून देवाकडे डोळे लावून असतात. गोव्याच्या किरिस्तांव (ख्रिस्ती) घराने त्यातलं ‘यथाकाळी’ अगदी शब्दशः घेतलं. कैरी कधी खारवायची, मासळी कधी वाळवायची आणि जाळं कधी गुंडाळून ठेवायचं, हे सगळं फेस्तांच्या नावांनी लक्षात ठेवलं. निसर्गाकडे कौतुकाने बघायचं तर आधी त्याच्या वेळा पाठ हव्यात, ही या श्रद्धेची शिकवण आहे. पुरुमेंताचा बाजार त्या पाठांतरावरच भरतो.

मराठी वाचकाला म्हापशाचं फेस्त परकं वाटणार नाही. मिलाग्र सायबीण ही सात बहिणींतली एक, शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं बार्देश-डिचोलीत दोन्ही धर्मांचे लोक मानतात. देवळातून तेल आणि चर्चमधून मोगरीची फुलं अशी बहिणींची देवाणघेवाण सांगितली जाते. चैत्र-वैशाखातली मोगरी फुललेली असताना दोघींचे उत्सव येतात. सायबिणीपुढच्या रांगेत हिंदू बायका तितक्याच असतात आणि बाजारात तर सगळ्यांचीच पिशवी सारखी.

आता मालाकडे.

सुकी मासळी ही या बाजाराची खरी परीक्षा. खारा बांगडा घेताना पोट बघा. पोट फुटलेलं, काठ फाटलेले असतील तर मासा मीठ लागण्याआधी बराच वेळ उन्हात पडून होता. बांगड्याच्या मांसात अशा वेळी हिस्टामिन तयार होतं. ते नंतर मीठ घालून, वाळवून किंवा तळूनही जात नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ चुरचुरते, अंगावर गांधी उठतात. चांगला खारा बांगडा चिरून लगेच मिठात दाबलेला असतो. त्याचं पोट एका रेषेत उघडं, कातडी चांदीसारखी शाबूत, मांस बोटाने दाबलं तर घट्ट. कल्ल्यांजवळ किंवा मणक्याच्या कडेला गुलाबी-लालसर छटा दिसली तर ढीग सोडून पुढे जावं. आगराच्या (मिठागराच्या) मिठातून येणारे, खारटपणातच वाढणारे जिवाणू तो रंग आणतात आणि दमट हवेत दोन आठवड्यांत सगळी बरणी लाल करतात. तपकिरी ठिपके असतील तर ती बुरशी. ती वरवर पुसून देतात, म्हणून शेपटीच्या बाजूची घडी उलगडून बघावी.

सुक्या सुंगटांत (कोळंबीत) आणि गालमोत (मालवणकडचा जवळा) वाळू ही मुख्य तक्रार. वाळूवर थेट पसरलेला माल स्वस्त असतो, चटईवर किंवा जाळीवर वाळवलेला महाग, आणि तो फरक देण्यासारखा आहे. चिमूटभर गालमो वाटीभर पाण्यात टाकून ढवळा. तळाशी वाळू बसली तर किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) दाताखाली करकरणार हे नक्की. सुंगटांचा रंग फिकट नारिंगी आणि थोडा कमी-जास्त असावा. सगळी एकसारखी भडक केशरी दिसत असतील तर रंग लावलेला आहे. मूठभर हातात घेऊन हलवली की कोरडा खळखळाट यायला हवा. मऊ लागली तर आत ओल आहे, वजनही त्याचंच देताय.

घरी आणल्यावर घाई करून बरणीत भरू नये. दोन दिवस कडक ऊन, संध्याकाळी आत, पूर्ण गार झाल्यावर कागदाच्या थरांत, घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम असताना झाकण लावलं की आतली वाफ झाकणाला धरते आणि वरचा थर आधी बुरसतो. चार माणसांच्या घराला जून ते सप्टेंबर एक किलो सुंगटं, अर्धा किलो गालमो आणि पंचवीसेक खारे बांगडे पुरतात, कारण श्रावणात नाही तरी ऑगस्टच्या सुरुवातीला ताजी मासळी परत येते.

त्याचंही कारण आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते, माशांच्या विणीसाठी. सरकारी बंदीच्या कितीतरी आधीपासून खवळलेला समुद्र आणि पुरुमेंताची बरणी मिळून हे काम करत आलीत. याच बंदीच्या मध्यावर, २९ जूनला, सेंट पीटर आणि सेंट पॉलचं फेस्त येतं आणि मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून सांगोड घालतात. समुद्रातून काही काढता येत नाही त्या दिवसांत समुद्राचा आणि आपल्या पहिल्या कोळ्याचा, म्हणजे सेंट पीटरचा, सण करायचा, हे आम्हाला या सगळ्या परंपरेतलं सर्वांत सुंदर वाटतं. जो माणूस घेत नाही त्या वेळीही आभार मानतो, त्याला समुद्र नीट कळलेला असतो. बंदीच्या काळात बाहेरून आलेली बर्फातली मासळी रोज विकत घेत राहिलं तर पुरुमेंतही उरत नाही आणि सांगोडही निव्वळ तमाशा होतो.

गावठी मीठ. बार्देश-पेडण्याकडचं आगरवाड्याचं मीठ म्हापशाला शोधावं, तिसवाडीच्या आगरांतलंही येतं. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) आगरात घेतात, एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत तापवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम क्षार. त्यातलं साधारण नऊ-दशांश पाणी उडून गेल्यावरच मीठ पडायला लागतं. त्याही पुढे पाणी आटू दिलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षार उतरतात, म्हणून आगरी नेमक्या वेळी उरलेलं दाट पाणी सोडून देतो. त्याचा हात चुकला तर मीठ कडवट. एक खडा जिभेवर ठेवून बघा: आधी खारट, मग स्वच्छ असायला हवं. मागून घशाशी कडू चव राहिली तर कैऱ्यांसाठी ते घेऊ नका, लोणचं मऊ नसलं तरी बेचव होतं. करडी झाक ही आगराच्या चिखलाची आणि ती चालते. पांढरंशुभ्र, एकसारख्या बारीक दाण्याचं मीठ ‘गावठी’ म्हणून विकत असतील तर ते बहुधा राज्याबाहेरून आलेलं यंत्राचं.

गावठी मीठ पावसाळ्यात पाझरतं, त्यात फसवणूक काही नाही. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांवर गेली की पाणी धरतं आणि मॅग्नेशियम क्लोराईड त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाच. म्हणून मीठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. बांबूच्या टोपलीत भरून खाली पातेलं ठेवावं. पहिले आठ-दहा दिवस कडू पाणी निथळून जातं आणि उरलेलं मीठ बरंच गोड लागतं. रोजच्या जेवणात आयोडीनचं मीठच वापरावं, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर. गावठी मीठ खारवण्यासाठी आणि पेजेबरोबरच्या तोंडी लावण्यापुरतं. पाच-सहा किलो पुष्कळ.

त्यातलं दीड किलो चेपणीला, म्हणजे खारात चेपलेल्या कैऱ्यांना, जाईल. बाठ न धरलेली कोवळी तोरं (कैऱ्या) पाच किलो, देठासकट. पुसून घ्यावीत. धुतली तर एक दिवस सावलीत सुकवावीत. मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मीठ-तोरं-मीठ असे थर, वर लाकडी फळी आणि धुऊन वाळवलेला जड दगड. रोज एकदा भांडं हलवून खालचं वर करावं. आठवड्याभरात पाणी सुटून तोरं चेपतात, त्याच पाण्यात बुडवून ठेवायची. ती वर तरंगली की तिथेच बुरशी धरते, चेपणी फुकट जाण्याचं हे नेहमीचं कारण. दगड आंबटाला विरघळणारा, चुन्याचा नसावा. आपला जांभाही नको, फार पाझरतो. नदीतला काळा गोटा उत्तम.

मिरचीत मडगाव की म्हापसा असा वाद घालायचं कारण नाही: हरमल मिरची पेडण्याची, म्हणून म्हापशाला, खोला मिरची काणकोणची, म्हणून मडगावला. खोलाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलीही लाल लांबट मिरची खोला म्हणून पुढे केली जाते. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येणारं हे पीक, त्यामुळे माल मर्यादित आणि महाग. ढीगच्या ढीग स्वस्तात दिसला तर तो घाटावरचा. देठासकट, अख्खी मिरची घ्या. देठ तुटलेल्या मिरचीच्या तोंडातून ओल आत शिरते आणि बी काळं पडतं. एखादी मोडून आत बघायला विक्रेतीची हरकत नसते, फक्त आधी विचारावं: “बाय, एक मोडून बघू?” रेशेआद, शाकुती, चोरीसचा मसाला मिळून घराला दोन किलो.

विनेगरात फसणं सर्वांत सोपं. माडाच्या सुरीचं (माडीचं) विनेगर काचेसारखं पारदर्शक नसतं. किंचित गढूळ, पिवळसर-तपकिरी, बाटलीच्या तळाशी पातळ साका. वासाला आंबट पण मागे गोडसर. पाण्यात अॅसेटिक आम्ल मिसळून केलेलं विनेगर स्वच्छ दिसतं, नाकात सुईसारखं घुसतं आणि बाकी काहीच वास ठेवत नाही. शंका असेल तर लेबलावर ‘सिंथेटिक’ लिहिलंय का बघा, ते लिहिणं बंधनकारक आहे. बिनालेबलाची बाटली घ्यायची तर झाकण उघडून थेंब चाखूनच. फिकट आंबट असेल तर सुरी अजून पुरती उतरलेली नाही. अशा विनेगरातला पारा (खाऱ्या मासळीचं लोणचं) महिन्यात फसफसतो.

पारा करायचा असेल तर अर्धा किलो खारे बांगडे किंवा सुकी मोरी (शार्क मासा) घ्या. पाण्याने धुवायचं नाही, विनेगरात बुडवलेल्या फडक्याने मीठ पुसून काढायचं. साठ ग्रॅम मिरच्या, दोन गड्डे लसूण, दोन बोटं आलं, मोठा चमचा जिरं, लहान चमचा हळद, दहा-बारा मिरी, सगळं साधारण पाव लिटर विनेगरात वाटायचं. पाण्याचा थेंब नको, मीठही नको. माशाचे तुकडे आणि मसाला थराथराने बरणीत दाबून वर बोटभर विनेगर. तीन-चार आठवडे हात लावू नये.

सोलं घेताना काळपट-जांभळी, लवचिक निवडा. ती कोकमाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवलेली असतात. लालसर, कडक, पांढऱ्या मिठाने माखलेली म्हणजे एखादाच हात आणि बाकी मिठाचं वजन. चिंच बिया काढलेली, मिठाचा हात लावून गोळे केलेली घ्यावी. यंदाची तपकिरी, काळी ती गेल्या वर्षीची. खाराला दोन्ही चालतात. माडाच्या गुळाची ढेप फोडून बघा. आत साखरेसारखे चमकणारे स्फटिक असतील तर साखर घातली आहे. अस्सल ढेप पावसाळ्यात घाम टाकते, म्हणून बरणीतच. कांद्याच्या माळेत मान कोरडी आणि बारीक असावी. जाड, हिरवट मानेचा कांदा आधी कुजतो आणि शेजाऱ्याला घेऊन जातो.

दोन्ही बाजारांबद्दल आमची खरी तक्रार एकच आहे. प्लास्टिकची खेळणी, तयार कपडे, फर्निचर यांनी रुंद जागा घेतली आणि पुरुमेंत विकणाऱ्या बायका कडेला, उन्हात, कधी गटाराच्या काठावर. सुकी मासळी धुळीत आणि चिंच पातळ पिशवीत. म्हापशाला निदान मासळीच्या रांगा एकत्र सापडतात. मडगावला शोधावं लागतं. फेस्ताचं कारण ज्या मालाने दिलं त्याला सावलीची जागा मिळवून देणं चर्च-समिती आणि पालिका दोघांनाही जमण्यासारखं आहे. कॅथलिक जगात पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रानंतर धरणीच्या रक्षणावर पुष्कळ प्रवचनं होतात. आगरी, रेंदेर (माडाची सूर काढणारा) आणि मासळी वाळवणारी बाई यांच्याकडून योग्य भावात माल घेणं हे त्याच प्रवचनातलं आचरणाचं वाक्य आहे, असं आमचं मत आहे. आगर बंद पडलं की बांध दुर्लक्षित होतो, बांध फुटला की खाजनातली (खाडीकाठच्या बांधलेल्या जमिनीतली) भातशेती खारी होते. गेल्या काही दशकांत असंच होत आलंय. मे महिन्यात बांधावरच्या खुरसापुढे लादाईन (सामूहिक प्रार्थना) म्हटल्यावर उकडलेले चणे वाटतात ते उगाच नाही. तो बांध आहे तोवर मागे भात आहे.

आणि भात आलं की पुरुमेंत संपतं. ५ ऑगस्टला रायच्या आवर लेडी ऑफ स्नोज चर्चमध्ये, ६ ला हळदोण्यात, २१ ला ताळगावात कणसांचं फेस्त होतं, पाद्री नव्या कणसांना आशीर्वाद देतो आणि कणीस घरोघरी जातं. खरेदीचं प्रमाण ठरवताना हीच सीमा धरावी. सप्टेंबरअखेरपर्यंत पुरेल इतकंच घ्यावं. पुढच्या ईस्टरपर्यंत ठेवलेला गालमो कोणाच्याच कामाचा राहत नाही.

वेळेचं: फेस्ताच्या दिवशी गर्दीत पारख होत नाही. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी, सकाळी नऊच्या आत जावं. शेवटच्या दिवशी भाव उतरतो, पण उरतो तो इतरांनी नाकारलेला ढीग. सुती पिशव्या, विनेगरासाठी स्वतःच्या काचेच्या बाटल्या आणि गालमो तपासायला एक वाटी सोबत असावी. फेस्त चुकलं तर मेअखेरपर्यंत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे. मीठ, मिरची आणि कांद्याच्या माळा तिथे तेवढ्याच चांगल्या मिळतात, मासळीची निवड मात्र कमी.